घोरण्यावरची 'रात्रीची कवळी' आणि तिचे दुष्परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आमच्या दवाखान्यात स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकणाऱ्या पेशंटना आम्ही जबडा पुढे धरणारं उपकरण करून देतो. पेशंट त्याला 'रात्रीची कवळी' म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. कवळी घरी गेली की आठवड्याभरात फोन सुरू होतात. फोन औशाहून येवो, अहमदपूरहून येवो की उदगीरहून, प्रश्न जवळपास सारखेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. ही उत्तरं तुमच्या तोंडात न डोकावता लिहिली आहेत, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

ही कवळी करते काय, आणि तिचा त्रास होतोच कशामुळे?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. कवळीचे दोन भाग असतात, एक वरच्या दातांवर बसतो आणि एक खालच्या. दोन्ही मिळून खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबड्यासोबत जीभही पुढे येते आणि वाट मोकळी राहते.

त्रासाचं मूळही इथंच आहे. दावणीला बांधलेला बैल रात्रभर मागं ओढत राहिला तर खुंटा हळूहळू कलतो. इथं मागं जाऊ पाहणारा बैल म्हणजे खालचा जबडा आणि खुंटा म्हणजे तुमचे दात. जबड्याला त्याच्या नेहमीच्या जागी जायचं असतं, कवळी जाऊ देत नाही, आणि तो सगळा ताण दात, जबड्याचे स्नायू आणि कानाजवळचा सांधा यांच्यावर येतो. खाली जे जे त्रास सांगितलेत, त्यातले बरेचसे या एका ओढीतून निघतात.

पहिल्याच रात्री लाळ एवढी गळाली की उशी ओली झाली. बिघडलं का काही?

नाही. तोंडात नवीन वस्तू आली की शरीर तिला घास समजतं आणि लाळ सोडतं. उशीवर जुना टॉवेल टाका. बहुतेकांची लाळ दोन-चार आठवड्यांत आटोक्यात येते. झोपण्याआधी तासभर कवळी घालून टीव्ही बघत बसलात तर तोंडाला लवकर सवय होते. बोलताना शब्द जरा बोबडे येतील, घरचे हसतील, हसू द्या.

माझं उलटंच आहे, सकाळी तोंड कोरडं ठाक पडतं.

मग तुम्ही तोंडानं श्वास घेताय. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज करा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ब्लडप्रेशरच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, म्हणून हा त्रास लाळ गळण्यापेक्षा आम्हाला जास्त खटकतो. कवळी दातावर चढवण्याआधी ब्रश झालाच पाहिजे. दातावर गोडाचा थर, वरून कवळीचं झाकण आणि आत लाळ नाही, एवढं मिळालं की किडीला आणखी काही लागत नाही.

सकाळी समोरचे दात ठणकतात, दाबल्यासारखे वाटतात.

सुरुवातीचे काही दिवस असं वाटणं साहजिक आहे. एखादाच दात सारखा दुखत असेल तर मात्र कवळी तिथं घट्ट बसतेय. आतून किंचित घासून दिली की थांबतं, पाच मिनिटांचं काम आहे. हिरडीला कड टोचत असेल तरी तेच. घरी कानस किंवा नेलकटर लावू नका. एकानं लावला होता. कवळी ढिली झाली आणि नवीन करावी लागली.

कानाजवळ जबडा दुखतो, तोंड उघडताना कट-कट आवाज येतो.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचा अवघडलेपणा बहुतेक वेळा कवळीवरचा, जबडा पुढे नेणारा स्क्रू जास्त फिरवल्यानं येतो. आम्ही कवळी देताना जबडा पूर्ण पुढे नेत नाही. तुमचा जबडा जास्तीत जास्त जेवढा पुढे येऊ शकतो, त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करतो आणि मग किल्लीनं थोडं थोडं पुढे नेतो. काही जणांना घाई असते. 'घोरणं अजून आहे' म्हणत ते एका आठवड्यात महिन्याचे फेरे उरकतात आणि आठव्या दिवशी भाकरीचा तुकडा चावता येत नाही म्हणून फोन करतात.

अशा वेळी दुखणं सुरू होण्याआधी कवळी जिथं होती, तिथवर स्क्रू मागं घ्या, कोमट कापडानं शेका, दोन-चार दिवस मऊ खा आणि आम्हाला कळवा. दुखणं गेल्यावर पुन्हा सावकाश पुढे जाता येतं.

दुसरी गोष्ट सांध्याची. नुसता कट-कट आवाज, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, तर काळजीचं फारसं कारण नाही. पण सांध्यातच कळ येते, तोंड उघडायला अडतं किंवा उघडलेलं मिटताना अडकतं, तर त्या रात्री कवळी घालू नका आणि दाखवायला या.

सकाळी उठल्यावर मागच्या दाढा एकमेकींना लागतच नाहीत. असं का?

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न हाच. 'डॉक्टर, दाढ दाढीला लागंना की ओ' हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही.

जबडा रात्रभर पुढे होता, त्यामुळे उठल्यावर तो लगेच मागं बसत नाही. समोरचे दात आधी टेकतात आणि मागं दाढांमध्ये फट राहते. शेतात दिवसभर वाकून खुरपल्यावर कंबर एकदम सरळ होत नाही, तशातली गत. बहुतेकांच्या दाढा अर्ध्या-एक तासात आपोआप जुळतात.

फट दिसणं हा खरा धोका नाही, तिची सवय होणं हा आहे. माणूस मग पुढच्याच दातांवर चहा-खारी उरकतो, दाढा लागल्या की नाही याकडे दुपारपर्यंत बघत नाही, आणि जबडा रोज थोडा उशिरा परत यायला लागतो. त्यासाठी सकाळची दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवायची असतात.

सकाळचा व्यायाम नेमका कसा करायचा?

कवळीसोबत आम्ही प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी देतो. कवळी घालण्याआधी तुमचे दात जसे जुळायचे, तशा खुणा तिच्यावर उमटवलेल्या असतात. सकाळी कवळी काढली, चूळ भरली की ही पट्टी पुढच्या दातांत धरायची आणि दात त्या खुणांत बसेपर्यंत हळूहळू चावायची. सुरुवातीला बसत नाहीत. थोडं दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. बसले की पट्टी काढून दाढांवर दाढा ठेवून बघायच्या.

खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राच्या कडेची बोटभर रुंद पट्टी फाडा, एका बाजूच्या दाढांमध्ये धरा आणि ओढा. दाढा लागत असतील तर कागद अडकतो किंवा फाटतो. सुळकन बाहेर आला तर अजून जुळलेल्या नाहीत. मग दुसऱ्या बाजूनं बघा. हे आंघोळीचं पाणी तापेपर्यंत होतं. तरी सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. विचारलं की सगळे 'करतो' म्हणतात आणि पट्टी मागितली की ती डबीत कोरी करकरीत निघते.

रोजे चालू आहेत. सहेरीला उठून लगेच खावं लागतं, तेव्हा काय करायचं?

दहा मिनिटं आधीचा गजर लावा आणि पट्टीचा व्यायाम आधी करा. तेवढाही वेळ नसेल तर खजूर, दूध, खिचडी अशा मऊ पदार्थांनी सुरुवात करा, चावायचं ते शेवटी. सहेरीनंतर परत झोपणार असाल तर चूळ भरून, ब्रश करून कवळी पुन्हा घाला. पहाटेच्या झोपेत श्वास जास्त अडकणारे बरेच असतात, तेव्हा ती झोप कवळीशिवाय काढू नका. आणि दुसऱ्यांदा उठल्यावर पट्टीही पुन्हा.

दात कायमचे सरकतात का? खरं काय ते सांगा.

हो, वर्षानुवर्षं वापरली तर सरकतात. कमी-जास्त होईल, पण 'काही होत नाही' असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. वरचे पटाशीचे दात आत कलतात, खालचे बाहेर कलतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या दंततज्ज्ञांनी सरासरी ११ वर्षं कवळी वापरलेल्या ७७ जणांचे जुने आणि नवे साचे ताडून बघितले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. वरचे दात खालच्यांवर जेवढे उतरलेले असतात, ते अंतर सरासरी २.३ मिलिमीटरनं कमी झालं होतं. वरचे दात खालच्यांच्या जेवढे पुढे असतात, ते अंतर १.९ मिलिमीटरनं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जिभेला दातातला केससुद्धा कळतो.

गंमत म्हणजे सगळ्यांचं यात नुकसानच होतं असंही नाही. ज्यांचे वरचे दात आधीच फार पुढे आहेत, त्यांचे दात थोडे आत गेले तर त्यांना बरंच वाटतं. ज्यांचे पुढचे दात आधीपासूनच टोकाला टोक लागलेले असतात, त्यांचं मात्र सुरुवातीलाच जपून ठरवावं लागतं. थोड्या सरकण्यानंही त्यांचा खालचा दात वरच्याच्या पुढे जाऊ शकतो.

हा बदल दुखत नाही, हीच अडचण आहे. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. सुरुवातीला नियमानं आले, मग 'सगळं झकास आहे' म्हणून चार वर्षं फिरकलेच नाहीत. आले ते एका दाताची कॅप निघाली म्हणून. दाढांमध्ये निळा कार्बन पेपर धरून चावायला सांगितलं. समोरच्या सहा दातांवर निळे ठिपके उठले, मागच्या दाढा दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र. आरसा हातात दिला तर म्हणाले, 'अरेच्चा, म्हणूनच हुरडा खाताना मजा येईना झाली होती, मला वाटलं हुरडाच निबर आहे.' पट्टीचं विचारलं तर ती त्यांनी पहिल्याच वर्षी नातवाला खेळायला दिली होती. चूक एकट्या त्यांची नाही. चार वर्षांत आमच्याकडूनही त्यांना एक फोन गेला नव्हता. आता कवळी घेणाऱ्या प्रत्येकाची पुढची तारीख आम्ही वहीत लिहून ठेवतो.

म्हणून कवळी करण्याआधी दातांचा साचा किंवा स्कॅन आणि फोटो घ्यायला लावा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दाखवायला जा. जुना साचा नसेल तर दात किती सरकले हे कुणालाच सांगता येणार नाही, आम्हालाही नाही.

सरकलेले दात परत जागेवर येतात का?

लवकर लक्षात आलं तर व्यायामानं आणि जबडा थोडा मागं घेऊन पुढचं सरकणं कमी करता येतं. जुना बदल बहुतेक तसाच राहतो. कवळी सोडली तर थोडंफार परत येतं, पूर्ण येईल असा भरवसा नाही. तारा लावून दात सरळ करता येतात, पण नंतर तीच कवळी पुन्हा घातली तर तोच बैल आणि तोच खुंटा.

मग कवळी बंदच केलेली बरी, नाही का?

स्वतःच्या मनानं बंद करू नका. दात दोन मिलिमीटर सरकणं आणि झोपेत तासाला वीस वेळा श्वास अडकणं, यांचं वजन एका तराजूत होत नाही. उपचाराविना राहिलेल्या ॲप्नियानं ब्लडप्रेशर वाढतं, दिवसा डुलक्या लागतात, आणि रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा उसाचा ट्रक चालवणाऱ्याला लागलेली डुलकी त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

दाढा लागत नाहीत पण खाता येतंय, दुखत नाही आणि झोप उत्तम आहे, अशा पेशंटला पुष्कळदा आम्ही 'चालू ठेवा, लक्ष ठेवू' असंच सांगतो. वर सांगितलेल्या गुरुजींनी सगळं समजून घेतलं आणि कवळी चालू ठेवली. खाणं खरोखर बिघडत असेल तर सीपॅपकडे, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनकडे, वळता येतं. काही जण आठवड्यातल्या काही रात्री सीपॅप लावतात आणि प्रवासात कवळी घालतात. पण एक बंद करायच्या आधी दुसरं सुरू झालेलं असलं पाहिजे.

सीपॅपच लावायला हवं होतं का आधी?

स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्री झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर एएचआय नावाचा आकडा असतो. तासाला श्वास किती वेळा अडकला किंवा मंदावला, त्याचा हिशोब. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र असेल तर पहिली पसंती सीपॅपलाच, कारण आकडा खाली आणण्यात ते सरस आहे. ज्यांना मास्क सहन होत नाही किंवा जे तो रोज लावणारच नाहीत, त्यांच्यासाठी कवळी. आपल्याकडे तिसरंही कारण ऐकू येतं, लाईटचं. उन्हाळ्यात गावाकडं मध्यरात्री वीज गेली की मशीन बंद आणि माणूस घामाघूम. कवळीला लाईट लागत नाही, हे खरं. पण तेवढ्याच कारणावरून तीव्र ॲप्नियाच्या पेशंटनं मशीन सोडू नये. आधी बॅटरीची सोय बघा.

घोरणं थांबलं, बायकोही खूश आहे. पुन्हा स्लीप स्टडी कशाला?

कारण आवाज थांबला म्हणजे अडथळा गेला असं नसतं. घोरणं बंद आणि श्वास अजूनही अडकतोय, असं होऊ शकतं. आमच्या मते हाच कवळीचा सगळ्यात लबाड दुष्परिणाम. पूर्वी घोरण्यामुळे घरचे जागे व्हायचे, हलवायचे, कुशीवर वळवायचे. आता कुणाला काही कळतच नाही. स्क्रूचं सेटिंग पक्कं झालं की कवळी घालूनच एक रात्र पुन्हा तपासणी करा. घरी मशीन आणून करता येते. २०१५ च्या अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच सांगितलं आहे.

पूर्वी गुटखा खायचो, आता सोडलाय. कवळी बसेल का?

आधी तोंडात आपली तीन बोटं उभी घालून बघा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी दोरीसारखी कडक होते आणि तोंड उघडेनासं होतं. दोनच बोटं जात असतील तर कवळी बसवणं-काढणंच अवघड होतं, माप घेतानाही अडतं. गालात चट्टा, भरून न येणारं व्रण किंवा तिखट लागताच आग होणं असं काही असेल तर कवळी राहू द्या बाजूला, आधी ते तपासून घ्या.

शुगर आहे, दोन दात हलतात. चालेल?

हलणाऱ्या दाताला खुंटा करायचा नसतो. आधी हिरड्यांचा इलाज, शुगर ताब्यात, मग ठरवू. दातही पुरेसे लागतात, दोन्ही जबड्यांत मिळून नव्हे, प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा तरी.

नवीन कॅप, ब्रिज किंवा मोठं सिमेंट भरायचं ठरलं तर त्या डॉक्टरांना कवळी दाखवा. दाताचा आकार बदलला की जुनी कवळी बसत नाही. आणि जोर लावून बसवली तर नवीन कॅप घेऊनच बाहेर येते.

ऑनलाइन मिळते ती, गरम पाण्यात मऊ करून चावायची, ती वापरली तर?

स्वस्त आहे म्हणून पुष्कळ जण घेतात. ती जाड असते, रात्री निसटते आणि जबडा किती पुढे गेला याचं मोजमाप राहत नाही. मुख्य म्हणजे ती घेताना दात, हिरड्या, सांधा कुणी तपासलेला नसतो. स्लीप स्टडीही झालेली नसते. तिच्यावरून 'मला कवळी जमत नाही' असं ठरवून मोकळे होऊ नका.

तोंडात आग होते, ओठ सुजल्यासारखे वाटतात.

कवळीच्या ॲक्रिलिकची किंवा धातूच्या भागाची ॲलर्जी असू शकते. क्वचित होते, पण होते. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांनी हे माप देतानाच सांगावं. वापर थांबवा आणि कळवा. दुसऱ्या मटेरियलची करता येते.

कवळीवर पांढरा थर बसलाय, घासून निघत नाही.

हा बोअरच्या पाण्याचा प्रसाद आहे. आपल्याकडचं जड पाणी गिझरच्या कॉइलचं जे करतं, तेच कवळीचं करतं. शेवटची चूळ आणि शेवटची धुणी फिल्टरच्या पाण्यानं करा. बसलेल्या थरासाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी, त्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशनं घासा. टूथपेस्टनं घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो.

गरम पाणी नको. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं तर नकोच. वाकडी झालेली कवळी दिसायला सरळच दिसते, पण घातली की एका बाजूचे दात ओढते, आणि पेशंटला वाटतं की दातच सरकले.

एकादशीला चालते का?

चालते. हा प्रश्न खरंच आला होता.

रात्री तुकडा मोडून घशात गेला तर?

घालण्याआधी रोज उजेडात एकदा बघायची सवय ठेवा. चीर दिसली, स्क्रू किंवा पट्टा ढिला वाटला तर त्या रात्री घालू नका. काढून ठेवायची ती झाकणाच्या डबीतच. उशाशी उघडी ठेवलेली कवळी कुत्र्यानं पळवल्याचे दोन किस्से आमच्या वहीत आहेत. लाळेच्या वासानं कुत्री ती चघळतात. दोन्ही वेळा नवीन करावी लागली, आणि एकाला त्या तीन आठवड्यांत पुन्हा सोफ्यावर झोपायला लावलं होतं.